बेहड्याच्या ढोलीची फट

दोष धनेशाचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या गोष्टीत एक धामण येते, आणि धामण आली की सगळे तिला शिव्या घालून मोकळे होतात. धामणीने धामणीचं काम केलं. दोष म्हाताऱ्या धनेशाचा होता, आणि तो दुष्ट होता म्हणून नव्हे. तो प्रेमळ होता. प्रेमळ म्हाताऱ्यांना कुणी काही बोलत नाही, तिथेच सगळं बिघडतं.

तर मुलांनो, हा धनेश डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात राहत असे. भलीमोठी पिवळी चोच, चोचीवर शिंगासारखा उंचवटा, आणि उडाला की पंखांचा असा आवाज की खाली चरणारी सांबरं मान वर करून बघत. धनेशांची एक रीत आहे. ती माहीत नसेल तर नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंडी घालायची वेळ आली की धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चिखलाने, फळांच्या गराने, स्वतःच्या विष्ठेने, जे मिळेल त्याने. वास येतो. येऊ दे. वाळली की ती भिंत दगडासारखी होते. मध्ये एक उभी फट उरते, चोचीचं टोक जाईल एवढीच. आत बसल्यावर मादीची उडायची पिसं गळतात. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येऊ शकत नाही. नर बाहेरून फळं आणतो आणि फटीतून भरवतो. नर आला नाही, तर आत सगळे उपाशी मरतात.

त्या वर्षी धनेशाची लेक जुन्या बेहड्याच्या ढोलीत बसली आणि आठव्याच दिवशी तिच्या नराला गरुडाने उचललं. म्हाताऱ्याने रडत वेळ घालवला नाही. त्याच संध्याकाळी चोचीत उंबरं भरून तो बेहड्यावर हजर झाला. "मी आहे, पोरी," एवढंच म्हणाला आणि भरवू लागला. रोज चार खेपा. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. शेजारच्या ढोल्यांतल्या आयांनी फटीतून हे पाहिलं. कुणाचा नर आजारी, कुणाचा दोन दिवस गायब. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही येता का?" धनेश नाही म्हणाला नाही. महिन्याभरात चौदा ढोल्या झाल्या. एकट्याला जमेना, तेव्हा त्याने साळुंक्या, बुलबुल आणि एक धिप्पाड शेकरू कामाला घेतले. बदल्यात पोटभर फळं आणि मोठ्या वडावर राहायला जागा. या सगळ्या उद्योगाला त्याने नाव दिलं, माहेर.

पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना वडाखाली जमवलं आणि सांगितलं, "मला मालक म्हणायचं नाही. काका म्हणायचं. आपण सगळे एक कुटुंब आहोत."

सगळ्यांना बरं वाटलं. एका साळुंकीला सोडून. ही साळुंकी तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. ती शेजारच्या बुलबुलाला हळूच म्हणाली, "मालकाला नाही म्हणता येतं. काकाला कसं म्हणायचं?" बुलबुल हसला आणि लगेच इकडेतिकडे बघून गप्प झाला.

सुरुवातीला माहेर झकास चाललं. फळ तोडायचं, ढोलीशी न्यायचं, भरवायचं, परत यायचं. यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. पण खेपा दुसरे करू लागले आणि धनेशाला रिकामा वेळ मिळाला. वडाच्या शेंड्यावर बसून तो विचार करू लागला. हात रिकामे झाले की मोठ्यांना सुधारणा सुचतात. त्याने कोकिळेला सल्ला द्यायला बोलावलं. कोकिळा म्हणजे जी आपली अंडी कावळीच्या घरट्यात टाकून मोकळी होते, जिने जन्मात एका पिल्लाला दाणा भरवलेला नाही, ती. पण तिचा गळा गोड होता, आणि म्हाताऱ्याला गोड गळा म्हणजेच शहाणपण वाटे.

"काका," कोकिळा म्हणाली, "फळं काय, कुणीही पोचवेल. तुम्ही आपुलकी पोचवा."

"म्हणजे काय करायचं?"

"ढोलीशी गेल्यावर आधी गाणं म्हणायचं. मी चाल बसवून देते. आणि आई खूश आहे की नाही ते रोज कळायला हवं."

ते कळण्यासाठी गुंजा आल्या. फळं देताना एक लाल गुंज फटीतून आत टाकायची. आई खूश असेल तर ती गुंज बाहेर ढकलेल, नसेल तर ठेवून घेईल. परत आलेल्या गुंजा रोज सकाळी वडाखाली सगळ्यांसमोर मांडायच्या, आधी गाण्याचा सराव करायचा, आणि मगच कामाला निघायचं. ज्याच्याकडे गुंज नसेल त्याने उभं राहून आपण कुठे कमी पडलो ते सांगायचं. तीन दिवस बुलबुल एकामागून एक उभे राहिले. चौथ्या दिवसापासून त्यांनी गुंज आत टाकायचंच सोडलं. इथून चोचीत घेऊन जायची, तिथे गाणं म्हणायचं, तीच चोचीत धरून परत यायचं. वडाखाली लाल ढीग वाढू लागला. धनेश ढिगाकडे बघून डोळे मिटून घेई. इतका तो तृप्त.

फक्त साळुंकी रोज रिकाम्या चोचीने येई, कारण ती गुंज खरोखर आत टाकत असे.

तिच्याकडे बेहड्याची खेप होती. हो, धनेशाच्या लेकीची. आपुलकीच्या गडबडीत बाप स्वतः तिकडे बारा दिवस फिरकला नव्हता.

"ताई, गाणं म्हणते," साळुंकी फटीशी बसून म्हणाली. "म्हणावं लागतं."

"हळू म्हण," आतून आवाज आला. "आणि म्हणून झालं की मी काय सांगते ते ऐक. उंबरं पुरे झाली. पिल्लं बाहेर आलीत, दोन आहेत. त्यांना किडे लागतात, एखादा छोटा सरडा. फळांवर ती वाढत नाहीयेत, माना टाकतात. दुसरं, सकाळी लवकर येत जा. पूर्वी उजाडता यायचीस, आता ऊन चढतं."

"सराव असतो, ताई. गाण्याचा."

"ते तिसरं. गाणं नको. खाली पाचोळ्यात काहीतरी सरपटतं. मला इथून खालचं दिसत नाही, पण आवाज कळतो. तुम्ही गात आलात की तो आवाज थांबतो. कुणी कान देऊन ऐकत असल्यासारखा."

साळुंकीने खाली पाहिलं. पाचोळा हलत नव्हता. तिला तेच आवडलं नाही.

"बाबांना सांगशील?"

"तुमचेच बाबा आहेत. तुम्ही सांगा ना."

"आले तर सांगेन," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वडाखाली साळुंकी न सांगताच उभी राहिली. "काका, बेहड्यावरच्या ताईंचा निरोप आहे. त्यांना..."

"गुंज आली का?" धनेशाने विचारलं.

"नाही. त्यांना तीन गोष्टी..."

"सगळ्यांच्या येतात. हा बुलबुल बघ, पाच ढोल्या, पाच गुंजा. तुझीच का येत नाही? तुझ्या गाण्यात जीव नसेल."

पाच गुंजावाला बुलबुल स्वतःच्या पायांकडे बघू लागला.

"गाण्याचा प्रश्नच नाहीये, काका. पिल्लांना किडे हवेत. आणि झाडाखाली धामण आहे, मी पैज लावून सांगते."

धनेश हसला. मोठ्यांचं ते हसणं तुम्हाला माहीत असेल. लहान मूल खरं बोललं की ते हसतात तसं. "अगं बाई, मी अकरा विणी वाढवल्यात. उंबरांवर. तू मला शिकवणार?"

"तुम्ही वाढवल्यात," साळुंकी म्हणाली, "पण ढोलीच्या आत तुम्ही एकदाही बसला नाहीत."

शेकरूने कुरतडत असलेली बी तोंडातच धरून ठेवली.

"घरात असं बोलतात का?" धनेश म्हणाला. आवाज मऊच होता. त्या मऊ आवाजालाच सगळे घाबरत.

पण लेकीची गुंज येत नाही, हे त्याच्या मनाला लागलं. तो अस्वस्थ झाला. विचारून घ्यावं, असं मात्र त्याला वाटलं नाही. काहीतरी करून दाखवावं, असं वाटलं. कोकिळेने कारणही तयार ठेवलं होतं. "अहो, ती भिंत बघा ना. घाण, कोंदट. आईचं तोंड दिसत नाही, आपलं तोंड तिला दिसत नाही. अंधाऱ्या फटीतून भरवायचं, हे काय माहेर झालं?"

म्हाताऱ्याला ते फार पटलं. दोघं उडत बेहड्यावर आले. कोकिळेने लांब सुरात साद घातली, इतकी की पलीकडच्या ओढ्यापर्यंत गेली असेल.

"बाबा?" आतून लेकीचा आवाज आला. त्यात आनंद होता, हेही सांगायला हवं. "बरं झालं आलात. ऐका, पिल्लांना किडे..."

"सगळं होईल, पोरी. आधी जरा मागे सरक."

"का?"

"फट मोठी करतोय. तुझं तोंड तरी दिसू दे मला."

"नको. बाबा, भिंतीला हात लावू नका. खाली काहीतरी आहे."

"काही नाही खाली. तू लहानपणापासून भित्रीच. तुझ्या भल्याचंच करतोय ना मी?" आणि त्याने आपल्या त्या अवाढव्य चोचीने भिंत फोडायला सुरुवात केली. लेक आतून ओरडत होती, "बाबा, थांबा." तो "झालं, झालं" म्हणत होता. ढेकळं खाली पडत होती. तिने दीड दिवस खपून लिंपलेली भिंत अर्ध्या घटकेत निम्मी झाली.

आत उजेड पडला. पिल्लांना पंखांखाली दाबून, अंग चोरून बसलेली लेक दिसली. एका पंखाखालून एक लालसर उघडं डोकं बाहेर आलं, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"किती छान दिसतंय आता," कोकिळा म्हणाली.

लेकीने ते डोकं पुन्हा पंखाखाली घेतलं. तिला वाटलं, बोलून उपयोग असता तर आधीच झाला असता.

दुपारी साळुंकी आली. भिंत बघून ती गाणं म्हणायचंच विसरली. लेक म्हणाली, "मला चिखल आणून दे." तिला खाली उतरता येत नव्हतं, पिसं गळाली होती. आतली विष्ठा आणि गर पुरणार नव्हता. साळुंकी ओढ्यावर गेली. साळुंकीची चोच ती केवढी. एका खेपेला हरभऱ्याएवढा गोळा. संध्याकाळपर्यंत ती तेवीस वेळा गेली आणि आली. लेक आतून थापत राहिली. मोकळ्या जागेपैकी चौथा हिस्सा भरला. शिवाय साळुंकीने दोन नाकतोडे आणून दिले, तेव्हा पिल्लांनी असा कालवा केला की दोघी हसल्या.

"उद्या उरलेलं," साळुंकी म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी वडाखाली पाच गुंजावाल्या बुलबुलाने तोंड उघडलं. आपल्या चोरीकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून दुसऱ्याची चूक सांगणारे असतात, तसा तो. "काका, ही चिखल नेते. तुम्ही मोकळी केलेली फट बुजवते."

धनेशाला राग आला नाही. आला असता तर परवडलं असतं. त्याला वाईट वाटलं. "मी तुम्हाला लेकरांसारखं सांभाळतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही माझ्या पाठीमागे माझ्याच लेकीला अंधारात कोंडता."

"तिनेच मागितला चिखल, काका. तिला विचारा. एकदा जाऊन नुसतं विचारा."

"बाप आहे मी तिचा. मला विचारावं लागतं होय?" मग तो बाकीच्यांकडे वळला. "कुटुंबातून कुणी कुणाला काढत नसतं. ती इथेच राहील. खाली बसून फळं निवडेल. फक्त काही दिवस तिच्याशी कुणी बोलू नका. तिचं तिला कळेल."

काढून टाकलं असतं तर ती सरळ उडून बेहड्यावर गेली असती. हे जास्त वाईट होतं. साळुंकी वडाखाली नासकी उंबरं बाजूला करत बसली आणि शेजारून जाणारे बुलबुल मान फिरवून जाऊ लागले. दोन दिवस ती बसली, कारण तिला वाटत होतं, म्हातारा संध्याकाळी तरी लेकीकडे जाईल, तिचं ऐकेल आणि आपल्याला हाक मारेल. म्हातारा गेला. लिंपलेला चौथा हिस्सा चोचीने पाडून, पिल्लांकडे कौतुकाने बघून परत आला.

बेहड्याची खेप आता पाच गुंजावाल्या बुलबुलाकडे होती. तिसऱ्या दिवशी, ऊन चढल्यावर, सकाळच्या शेवटच्या खेपेला तो गुंज चोचीत धरून बेहड्यावर गेला. ती फांदीवर ठेवून त्याने गाणं म्हटलं, दोन उंबरं आत टाकली, गुंज पुन्हा उचलली आणि निघाला. आतून लेक म्हणत होती, "थांब, खाली बघ, जाऊ नकोस." त्याला वडाखालच्या बैठकीची घाई होती.

धामणीने तो गेल्याची खात्री केली आणि खोडावर चढली. जुन्या फटीतून तिचं डोकंही गेलं नसतं. आता ती सगळी गेली.

लेकीला उडता येत नव्हतं. चोच होती, तिने चोचीने मारलं. धामणीचं अंग दोन ठिकाणी फाटलं, लेकीचा एक डोळा सुजून बंद झाला. ढोली ती केवढी, त्यात लढायला जागा नव्हती, पिल्लं पायाखाली येत होती. तिची किंकाळी वडापर्यंत पोचली तेव्हा सगळे सकाळच्या गुंजा मांडत होते. त्या दिवशी पहिल्या खेपेला उशीर नको म्हणून बैठक दुसऱ्या प्रहरी ठेवलेली, ही नवी सुधारणा. बेहड्याची गुंज ढिगात नुकतीच पडली होती.

सगळ्यांत आधी साळुंकी उठली. तिने कुणालाही विचारलं नाही. तिच्या मागे शेकरू, मग सगळे बुलबुल. त्यांनी बेहड्यावर असा गोंधळ घातला, शेपटीला असे टोचे मारले की धामण मागे सरली, खोडावरून घसरत उतरली आणि पाचोळ्यात निघून गेली. तिच्या पोटाच्या पुढच्या भागात एक फुगवटा होता. पिल्लाएवढा.

ढोलीत एकच पिल्लू उरलं.

धनेश सगळ्यांच्या शेवटी पोचला. वय झालेलं, दमला होता. तोवर पाच गुंजावाला बुलबुल ओढ्याकडे पळाला होता आणि चिखल घेऊन येत होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्याच्या मागे दुसरा, मग शेकरू दोन्ही गाल भरून. लेक एका डोळ्याने बघत आतून थापत होती. कुणी गात नव्हतं.

धनेश दोन दिवस वडावर नुसता बसला. तिसऱ्या दिवशी चोचीत सगळ्यांत पिकलेली उंबरं घेऊन तो बेहड्यावर आला. भिंत पुरी झाली होती. फट पूर्वीपेक्षाही बारीक होती, साळुंकीची चोच जाईल एवढी.

"पोरी, उघड थोडी. उंबरं आणलीत."

"ठेवा फांदीवर," आतून आवाज आला. "साळुंकी देईल."

"माझी चोच जात नाही गं यातून."

"माहीत आहे."

त्याने उंबरं फांदीवर ठेवली. मग म्हणाला, "मी सगळं तुझ्यासाठीच केलं. हा सगळा उद्योग तुझ्यापासून सुरू झाला. तूच पहिली होतीस."

"हो," लेक म्हणाली. "मग सांगा, बाबा, मी काय मागितलं होतं?"

धनेश आठवू लागला. कोकिळेची चाल त्याला आठवली. गुंजांचा ढीग आठवला. फट केवढी करायची ठरली होती, तेही आठवलं. लेकीने काय मागितलं होतं, ते आठवेना. ती काहीतरी बोलत होती, हे आठवत होतं.

थोड्या वेळाने साळुंकी एक नाकतोडा घेऊन आली. त्याच्या बाजूने पुढे जाऊन तिने तो फटीतून आत दिला आणि दुसरा आणायला गेली. तिला काम होतं.

तात्पर्य : कुणाच्या भल्याचं काही करायचं असेल तर आधी त्याला काय हवं ते विचारावं, आणि त्याच्या दारात रोज जाणारा येऊन जे सांगतो ते ऐकून घ्यावं, मग आपण वयाने कितीही मोठे असलो तरी. धनेशाने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. त्याचं एक नातवंड गेलं आणि लेक त्याच्याशी पुन्हा बोलली नाही.